आहे तसा आवाज ऐकवणारा हेडफोन: निवड, जोडणी आणि तपासणी

हेडफोनच्या खोक्यावर ‘५ ते ४०,००० हर्ट्झ’ असं ठळक छापलेलं असतं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आकडा जितका मोठा तितका स्वर उंच. त्यावरून हेडफोन खरा आवाज देतो की नाही हे काडीचंही कळत नाही. तरुण कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो आणि वय वाढतं तसं वरचं टोक खाली सरकतं. मुख्य म्हणजे या पट्ट्यात कुठला स्वर किती डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) चढतो वा पडतो, हे त्या आकड्यात नसतं. ४० हर्ट्झला १५ डेसिबलने बसलेला आणि ६,००० हर्ट्झला १० डेसिबलने किंचाळणारा हेडफोनही हाच आकडा छापू शकतो.

नेमका आवाज म्हणजे ध्वनिमुद्रणात जे आहे ते, त्याच प्रमाणात. त्यासाठी लक्ष आणि पैसा या क्रमाने घालावा: कानावर तो कसा बसतो, त्याचा स्वतःचा स्वरांचा तोल कसा आहे, आणि मग त्याला चालवणारं यंत्र. वायरचा विचार सगळ्यात शेवटी, तोही ती तुटली तर. एकूण रकमेतले ८० टक्के हेडफोनवर गेले तर वाटणी बरोबर झाली म्हणायची.

आधी जागा ठरवा

ओपन-बॅक हेडफोनच्या कपाला मागून जाळी असते. आत थरथरून आवाज काढणाऱ्या पातळ पडद्याच्या मागच्या बाजूचा आवाज मोकळा बाहेर जातो, कपात आपटून परत येत नाही. म्हणून मधल्या पट्टीत कोंदटपणा कमी असतो आणि गाणं डोक्यात अडकल्यासारखं वाटत नाही. तोटा असा, की बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं शेजारच्याला ऐकू जातं. सदाशिव पेठेतल्या रस्त्यावर उघडणाऱ्या खोलीत किंवा कर्वे रस्त्याला लागून असलेल्या फ्लॅटमध्ये दिवसा त्याचा उपयोग नाही. रहदारीच्या गुरगुरीत खालचे स्वर बुडतात, मग आपण आवाज वाढवतो आणि तोल पुन्हा बिघडतो. रात्री अकरानंतर त्याच खोलीत तोच हेडफोन उत्तम चालतो.

क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपाचा, घ्यायचा तो घरात कोणी झोपलेलं असताना ऐकायचं असेल तर, किंवा माइकसमोर बसून रेकॉर्डिंग करायचं असेल तर. ओपन-बॅकमधून गळणारा ठेका माइक बरोबर पकडतो. मात्र क्लोज्ड म्हणजे शांतता अशी समजूत नको. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू झाला, की ताशाची तडतड हा कप बऱ्यापैकी अडवतो. ढोलाचा दणका मात्र आत येतोच, कारण २०० हर्ट्झखालच्या लांब लहरींना प्लास्टिकचा पातळ कप पुरत नाही. ते काम नॉइज कॅन्सलिंगचं, म्हणजे उलटी लहर सोडून बाहेरचा आवाज मारणाऱ्या सोयीचं. पीएमपीच्या बसमध्ये किंवा मेट्रोत तेच शहाणपणाचं आहे. फक्त काही मॉडेलांत ती सोय चालू-बंद केली की आवाजाचा पोतच बदलतो, त्यामुळे प्रवासाचा हेडफोन आणि मिक्सिंगचा (मुद्रित केलेले वेगवेगळे आवाज एकत्र जुळवण्याचा) हेडफोन एकच असावा हा हट्ट सोडावा.

इन-इअर हा तिसरा रस्ता. कानात जाणारी त्याची मऊ बोंडी नीट बसली तर तो बाहेरचा आवाज उत्तम अडवतो आणि कमी पैशात चांगला तोल देतो. खोक्यात तीन मापांची बोंडी येतात. दोन्ही कानांना एकच माप लागेल असं नाही. बास गायब वाटला तर आधी मोठं माप लावून पाहा, इक्वलायझरकडे (स्वरांचे पट्टे वर-खाली करणाऱ्या सोयीकडे) नंतर वळा.

‘सपाट’ शब्दाचा घोळ

स्पीकर मोजमापात सपाट असावा, म्हणजे सगळे स्वर सारख्याच जोराने द्यावेत, हे बरोबर. पण कानाच्या पडद्याशी सपाट मोजला जाणारा हेडफोन ऐकायला दबका आणि निर्जीव लागतो. समोरून येणाऱ्या आवाजाला कानाची पाळी आणि कर्णनलिका ३,००० हर्ट्झच्या आसपास दहा डेसिबलहून अधिक उचलतात, आणि मेंदूला त्याची जन्मापासून सवय असते. हेडफोन ही नैसर्गिक वाट अर्धीमुर्धी टाळतो, म्हणून तेवढा उठाव त्याने स्वतः पुरवावा लागतो. हार्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२ च्या सुमारास सुरू केलेल्या श्रवणचाचण्यांतून जो ‘हार्मन टार्गेट’ आलेख तयार झाला, त्यामागची कल्पना साधी आहे: चांगल्या खोलीत ठेवलेले चांगले स्पीकर कानाशी जसे मोजले जातील, तसा हेडफोन वाजावा. हा आलेख म्हणजे देववाणी नव्हे. त्यातला बास काही कानांना जास्त वाटतो, आणि खयाल ऐकणाऱ्यांना तो दोन-तीन डेसिबल उतरवलेला आवडू शकतो. तरी तुलनेसाठी एक पट्टी हवी, आणि ही पट्टी बरी आहे.

मोजमापाचा आलेख पाहताना चार ठिकाणी नजर फिरवा. १०० ते १,००० हर्ट्झमध्ये रेघ शांत हवी. तिथे तीन डेसिबलचा फुगवटा असेल तर हार्मोनियम छातीवर बसल्यासारखी वाजते. १,००० पासून ३,००० पर्यंत चढ हवा. तो नसेल तर गायक पडद्यामागे गेल्यासारखा वाटतो, जास्त असेल तर तार सप्तक कानात घुसतं. ५,००० ते ९,००० मध्ये टोकदार सुळका असेल तर ‘स’ आणि ‘श’ शिट्टी मारतात. शेवटी ६० हर्ट्झखाली रेघ किती पडते ते पाहा. ओपन-बॅकमध्ये ती बहुधा पडतेच. तुलना करताना दोन्ही आलेख एकाच प्रकारच्या मापनयंत्रावरचे हवेत. एक आलेख इथला आणि दुसरा तिथला घेऊन काढलेला निष्कर्ष फुकट जातो. १०,००० हर्ट्झच्या वरच्या खाचाखोचा तर कप अर्धा सेंटिमीटर सरकला तरी बदलतात.

किमतीवरून तोलाचा अंदाज बांधू नका. संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये बरेच हेडफोन मोजून प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा निष्कर्षच असा होता, की आलेखात दिसणाऱ्या या स्वर-प्रतिसादाचा आणि किरकोळ किमतीचा संबंध दिसत नाही.

सुरुवातीला कानाखालून घालावेत असे काही हेडफोन आहेत. सेनहायझर एचडी ६०० हा १९९७ पासूनचा ३०० ओहमचा (ओहम हे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) ओपन-बॅक. मधल्या पट्टीसाठी तो आजही मापदंड धरला जातो, खालचा बास मात्र उतरता आहे. एचडी ५६०एस हा १२० ओहमचा, चालवायला सोपा. सोनी एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून स्टुडिओत आणि चित्रीकरणाच्या सेटवर दिसणारा ६३ ओहमचा क्लोज्ड हेडफोन. चूक शोधायला तो पक्का, पण वरची पट्टी धारदार असल्याने तासन्‌तास ऐकायला नाही. एकेजी के३७१ हार्मन टार्गेटच्या बराच जवळ जातो, फक्त कान नीट झाकला गेला तरच. बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो टिकाऊ, पण ८,००० हर्ट्झच्या आसपास चकाकणारा. त्यावर केलेलं मिक्स दुसरीकडे मंद वाजण्याचा धोका असतो, कारण आपण नकळत ती चकाकी कापून टाकतो.

यंत्र पुरेल का? दोन मिनिटांची आकडेमोड

हेडफोनची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती मोठा वाजतो हे, कोणी डेसिबल प्रति मिलिवॅट देतो, कोणी डेसिबल प्रति व्होल्ट. दोन्हींची थेट तुलना करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. प्रति व्होल्टमध्ये आणण्यासाठी १,००० ला ओहमने भागा, त्याचा लॉग घ्या, त्याला १० ने गुणा आणि उत्तर मिलिवॅटवाल्या आकड्यात मिळवा.

३२ ओहम आणि १०० डेसिबल प्रति मिलिवॅट असेल तर मिळवणी १५ ची, म्हणजे ११५ डेसिबल प्रति व्होल्ट. ३०० ओहम आणि ९८ डेसिबल असेल तर मिळवणी साधारण ५ ची, म्हणजे १०३. आता सर्वांत मोठा क्षणिक आवाज ११० डेसिबलचा धरू. तबल्याची थाप सरासरीच्या १५-२० डेसिबल वर जाते, म्हणून एवढी ऐसपैस जागा ठेवायची. पहिल्या हेडफोनला ०.५६ व्होल्ट पुरतात. दुसऱ्याला २.२४ व्होल्ट लागतात, पण वीज जेमतेम १७ मिलिवॅट. ‘३०० ओहम म्हणजे मोठा अँप’ ही समजूत इथेच ढासळते. त्याला वॅट नकोत, व्होल्ट हवेत. एक व्होल्ट देणाऱ्या साध्या यूएसबी-सी डोंगलवर (फोनला हेडफोन जोडणाऱ्या छोट्या तुकड्यावर) तो १०३ डेसिबलपर्यंत जाईल, घरगुती ऐकण्याला पुरेल, फक्त हळू मुद्रित केलेल्या जुन्या मैफिलींसाठी थोडा कमी पडेल. दोन व्होल्ट किंवा अधिक देणारा डॅक-अँप (डॅक डिजिटल आकड्यांचा विद्युत संकेत करतो, अँप तो मोठा करतो) घेतला की हा प्रश्न संपतो.

दुसरा आकडा अँपच्या आउटपुट इम्पीडन्सचा, म्हणजे अँपच्या स्वतःच्या ओहमचा. तो हेडफोनच्या ओहमच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा. हेडफोनचे ओहम सर्व स्वरांना सारखे नसतात. एकाहून अधिक बॅलन्स्ड-आर्मेचर (आवाज काढणारे सूक्ष्म भाग) असलेल्या इन-इअरचे एका स्वराला ८ आणि दुसऱ्याला ४० ओहम असू शकतात. आउटपुट १० ओहमचा असेल तर पहिल्या ठिकाणी ७ डेसिबल कापले जातात, दुसऱ्या ठिकाणी २, म्हणजे तोल ५ डेसिबलने वाकडा. आपण हेडफोनला शिव्या देतो, दोष असतो जोडणीचा. जुन्या स्टीरिओ अँपच्या हेडफोन जॅकमागे १०० ओहमहून मोठा रोधक असणं नवल नाही. तिथे ३०० ओहमवाला हेडफोन खपून जातो, बास जेमतेम एक डेसिबल फुगतो. इन-इअर मात्र तिथे लावू नयेत.

डॅकवर फार वेळ घालवू नका. १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची साधी सीडी सुमारे ९६ डेसिबलचा आवाका देते, त्यातला बराचसा पुण्यातल्या कुठल्याही खोलीतला गोंगाट आधीच खाऊन टाकतो. डोंगलबाबत दोन सावधगिऱ्या. यूएसबी-सी ते ३.५ मिलिमीटरच्या काही स्वस्त जोडण्यांत डॅक नसतोच, फक्त तारा असतात, आणि बऱ्याच फोनवर त्या मुक्या राहतात. तपकीर गल्लीत (पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) घेताना स्वतःच्या फोनला लावून, आवाज ऐकून मगच पैसे द्या. आणि अ‍ॅपलचं छोटं डोंगल मोजमापात स्वच्छ असलं तरी अनेक अँड्रॉइड फोनवर ते दबक्या आवाजातच वाजतं.

ब्लूटूथवर गंभीर काम करू नये, कारण संकुचन आणि उशीर दोन्ही आड येतात. ‘लॅपटॉपला जोडला की हेडफोन टेलिफोनसारखा वाजतो’ ही तक्रार तर नेहमीची. मीटिंगने हेडफोनचाच माइक घेतला, की जोडणी संभाषणाच्या हलक्या, मोनो पद्धतीवर उतरते. माइक लॅपटॉपचा निवडा, आवाज परत येईल.

दुकानात काय ऐकायचं

गर्दीच्या वेळी जाऊ नका, दुकान उघडताच जा. स्वतःचा फोन, स्वतःचं डोंगल आणि डाउनलोड केलेल्या फायली न्या. निघण्याआधी फोनमधला डॉल्बी, इक्वलायझर, ‘साउंड एन्हान्समेंट’ आणि अ‍ॅपमधली व्हॉल्यूम एकसारखा करण्याची सोय बंद करा. दुकानदाराने लावलेल्या गाण्यावर मत बनवू नका. ते गाणं तिथे सगळ्याच हेडफोनवर छान वाजतं.

पहिली तपासणी मोनोची. ७८ आरपीएमच्या काळातलं नाट्यसंगीत किंवा प्रभातच्या दिवसांतलं चित्रपटगीत मुळात एकाच वाहिनीचं आहे. ते दोन भुवयांच्या बरोबर मध्ये, अरुंद असं ऐकू आलं पाहिजे. एका बाजूला सरकत असेल तर डावा-उजवा पडदा जुळत नाही. मध्यच नसेल आणि आवाज दोन्ही कानांबाहेर पोकळ पसरला असेल तर एका बाजूच्या तारा उलट जोडल्या आहेत. दुरुस्त केलेल्या हेडफोनमध्ये हा दोष हमखास भेटतो. हेडफोन उलटा घालून पुन्हा ऐका. कल हेडफोनबरोबर फिरला तर दोष त्याचा किंवा यंत्राचा, त्याच बाजूला राहिला तर कानाचा.

मग २० ते १०,००० हर्ट्झचा सरकता स्वर, हळू आवाजात. खाली खरखर किंवा भुणभुण आली तर पडद्याला केस किंवा धूळ चिकटली आहे. वर जाताना एखाद्या ठिकाणी स्वर अचानक डोळ्यात भरतो, ती जागा लिहून ठेवा, पुढे इक्वलायझरला कामी येते.

आणि मग तानपुरा. हेडफोन पारखायला याहून सोपं आणि याहून कठोर वाद्य मिळणार नाही. काळी एकच्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झचा आणि खर्जाची तार ६९ हर्ट्झची. पण घोडीची वक्र पाठ म्हणजे जव्हारी आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेला जिव्याचा दोरा त्या तारेतून दाट स्वरांश काढतात, ६९ च्या पटीत एकापाठोपाठ एक, हजारो हर्ट्झपर्यंत. (आपल्या तंतुवाद्यांची ही घोडी तारेच्या कंपनाचे नेहमीचे नियम कशी मोडते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच लिहून ठेवलं आहे.) पाचवा स्वरांश ३४६ हर्ट्झचा, तोच स्वयंभू गंधार. चांगल्या हेडफोनवर खर्ज छेडल्यावर तो आपोआप उमलतो आणि स्वरांशांची माळ एकसंध उतरत जाते. तोल बिघडलेला असेल तर माळेतला एखादाच मणी सतत चमकतो, किंवा जव्हारी नुसती झिणझिणते आणि खाली लाकूड, भोपळा काही उरत नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा यासाठी चालत नाही, तो स्वतःच एका छोट्या स्पीकरचा आवाज असतो. कानात खरा तानपुरा बसवायचा तर ध्वनिक्षेपकाविना झालेल्या घरगुती बैठकीत तो जवळून ऐका. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात ऐकलेला आवाजही अखेर स्पीकरमधूनच आलेला असतो.

बास मात्र तानपुऱ्यावर तपासू नये, कारण खर्जाचा मूळ स्वर तसा क्षीणच असतो. त्याला डग्गा हवा, आणि तोही विलंबितातला, ज्यात मनगटाची घसट ऐकू येते. घसट वर-खाली जाताना तिची जाडी सारखी राहिली पाहिजे. एका ठिकाणी ती फुगून धप्प झाली, तर तिथे हेडफोनचा फुगवटा आहे. शेवटी कोणीतरी मराठीत सावकाश वाचलेला उतारा ऐका. ‘चमचा’ आणि ‘चिमटा’ यांतले दोन वेगळे ‘च’ स्पष्ट वेगळे यायला हवेत, पण ‘साखर’, ‘शेंगदाणे’ म्हणताना शिट्टी नको.

दोन हेडफोनची तुलना आवाज सारखा न करता केली तर जास्त मोठा वाजणारा दरवेळी जिंकतो. दोन अँपची तुलना असेल तर मल्टिमीटर घ्या. १०० हर्ट्झचा स्वर वाजवा, हेडफोन जोडलेला ठेवूनच जॅकवरचे व्होल्ट मोजा आणि दोन्हींत एक टक्क्याहून कमी फरक राहील असं बघा. म्हणजे ०.१ डेसिबलच्या आत आलात. स्वस्त मीटरची एसी रेंज बहुधा २०० व्होल्टपासून सुरू होते, ती इथे निरुपयोगी. २ व्होल्टची रेंज असलेला मीटर हवा. एवढं केल्यावर चांगल्या अँपांमधले ‘आकाश-पाताळाचे’ फरक बऱ्याचदा उरतच नाहीत.

घेण्याआधी वीस मिनिटं डोक्यावर ठेवा. चष्मा असेल तर तो लावून आणि काढून ऐका. काडीमुळे कुशनला फट पडते आणि क्लोज्ड हेडफोनचा खालचा बास काही डेसिबलने निघून जातो. पातळ काडी आणि मऊ, जाड कुशन हा त्यावरचा उपाय. बिलावर सीरिअल क्रमांक लिहून घ्या, कारण नावाजलेल्या मॉडेलांच्या हुबेहूब नकला फिरत असतात आणि वॉरंटीच्या वेळी हाच कागद लागतो.

घरी आणल्यावर: इक्वलायझर

‘इक्वलायझर लावला म्हणजे आवाजात भेसळ’ हे मत सोडून द्यावं. भेसळ हेडफोनने आधीच केलेली असते. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि अँड्रॉइडवर वेव्हलेट हे सॉफ्टवेअर पुरतं. ऑटोईक्यू या मुक्त प्रकल्पात हजारो मॉडेलांची तयार गणितं आहेत. आपल्या मॉडेलचं गणित उतरवून घ्या, पण सगळे दहा फिल्टर (एकेक पट्टा वर-खाली करणाऱ्या नोंदी) डोळे मिटून लावू नका. ८,००० हर्ट्झवरचे अरुंद फिल्टर काढून टाका, कारण मोजणाऱ्या यंत्राचा कान आणि तुमचा कान तिथे वेगळे असतात. दुकानात लिहून ठेवलेल्या जागा आता तपासा आणि तिथे दोन-दोन डेसिबलने उतरवत जा. बास ५ डेसिबलने उचलला असेल तर प्रीअँप (इक्वलायझरमधली एकूण पातळीची कळ) उणे ५.५ वर न्या. हे राहिलं की मोठ्या थापेला आवाज फाटतो आणि लोक ‘इक्वलायझरने वाट लावली’ म्हणतात. ओपन-बॅकच्या बासला ६ डेसिबलहून जास्त टेकू देऊ नका. छोट्या पडद्याची हालचाल अपुरी पडून विरूपण वाढतं.

नवा तोल ऐकून लगेच निकाल देऊ नका. कानाला जुन्या वाकडेपणाची सवय झालेली असते. तीन-चार दिवस तोच ठेवा, मग बंद करून पाहा.

आवाजाची पातळीही आकड्याने धरता येते. नेहमीच्या व्हॉल्यूमवर पूर्ण क्षमतेचा (फायलीत मावेल तेवढा मोठा मुद्रित केलेला) १०० हर्ट्झचा स्वर वाजवून, हेडफोन कानावरून उतरवून, जॅकवर ०.२ व्होल्ट आले आणि हेडफोन १०३ डेसिबल प्रति व्होल्टचा असला, तर कमाल पातळी ८९ डेसिबल. संगीताची सरासरी त्याहून दहा-पंधराने खाली राहते, म्हणजे काळजी नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. सरासरी ८९ झाली तर आठवड्याचे पाच तासच उरतात, आणि मिक्सिंग करणाऱ्याचे ते एका दिवसात संपतात.

कुशन आणि पावसाळा

रेक्झिनसारखं दिसणारं कुशन पॉलियुरेथेनचं असतं. घाम आणि जून-जुलैतला दमटपणा यांनी त्याचे काळे पापुद्रे सुटतात. त्याआधीच आतला फोम बसतो, कान पडद्याच्या जवळ जातो आणि वरची पट्टी बदलते. ‘हेडफोन जुना होऊन बिघडला’ असं वाटतं तेव्हा दहातले कित्येक वेळा नवं कुशन लावून तो पूर्ववत होतो. मूळ कंपनीचंच घ्या. वेलवेटऐवजी लेदरचं किंवा उलट लावलं की बास आणि मधली पट्टी दोन्ही हलतात, आणि केलेला इक्वलायझर वाया जातो.

जुना हेडफोन विकत घेताना पापुद्रे, दोन्ही बाजूंची तार हलवून येणारी खरखर आणि मोनोची तपासणी एवढं केलं तरी पुरे. पावसाळ्यात तो बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, पण ऐकून झाल्याझाल्या नको. कुशनमधला घाम आधी पंख्याखाली अर्धा तास वाळू द्या, मगच डब्याचं झाकण लावा.